प्राचीन ग्रीक सोन्याची नाणी दागिन्यांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलेक्झांडरच्या काळातलं खरं सोन्याचं नाणं गळ्यात घालता येतं का, असं विचारणारे अलीकडे बरेच भेटतात. कुणी अथेन्सच्या सहलीत दुकानाच्या काचेमागे पाहिलेलं असतं, कुणी परदेशातल्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये, तर कुणाकडे आजोबांनी आणलेलं एखादं लॉकेट असतं. घालता येतं. पण नाणं एकदा बिघडलं की ते पुन्हा घडवता येत नाही, म्हणून खालची उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

प्राचीन ग्रीक सोन्याचं नाणं म्हणतात ते नेमकं कोणतं?

दागिन्यांत सगळ्यात जास्त दिसतात ती दोन राजांची नाणी: मॅसिडोनियाचा फिलिप दुसरा (राज्यकाळ इ.स.पू. ३५९–३३६) आणि त्याचा मुलगा अलेक्झांडर (इ.स.पू. ३३६–३२३). त्याआधी ग्रीक नगरराज्यांचा व्यवहार मुख्यतः चांदीत चालायचा. सोन्याची नाणी पाडायची ती शेजारच्या लिडियाच्या क्रीसस राजाने आणि पुढे इराणी सम्राटांनी. फिलिपने इ.स.पू. ३५६ मध्ये क्रेनिडीस हे गाव ताब्यात घेतलं, त्याला स्वतःचं नाव देऊन फिलिपी केलं आणि तिथल्या खाणींतून भरपूर सोनं काढलं. या खाणींतून त्याला वर्षाला हजार टॅलेंटहून (टॅलेंट म्हणजे त्या काळचं वजनाचं आणि पैशाचं मोठं माप) जास्त उत्पन्न मिळत होतं, असं डायोडोरस हा इतिहासकार लिहितो. त्या सोन्यातून फिलिपचा स्टेटर हे सोन्याचं नाणं आलं: एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला अपोलो, दुसऱ्या बाजूला दोन घोड्यांचा धावता रथ. वजन साधारण ८.६ ग्रॅम.

अलेक्झांडरने वजन तेच ठेवलं आणि छाप बदलली. त्याचा स्टेटर हातात घेतला तर आधी दिसते ती शिरस्त्राण मागे सारलेली अथेना. शिरस्त्राणावर तुरा, त्याच्या बाजूवर बहुतेकदा वेटोळं घातलेला साप, आणि मानेवर उतरलेल्या केसांच्या बटा. मागच्या बाजूला पंख असलेली विजयदेवता नीकी उभी आहे. तिच्या एका हातात हार आणि दुसऱ्या हातात जहाजावरची आडव्या दांड्याची काठी. शेजारी वरून खाली राजाचं नाव. हे सगळं जेमतेम १८ मिलिमीटर व्यासात, म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्याहूनही लहान जागेत. पण नाणं जाड असतं आणि छाप इतकी उठावदार की अथेनाचं नाक बोटाला जाणवतं. दागिना म्हणून ही नाणी शोभतात ती या उठावामुळेच, आणि झिजतातही त्याच्यामुळेच.

याशिवाय अलेक्झांडरचा सेनापती लिसिमाखोस याची नाणी, इजिप्तच्या टॉलेमी घराण्याची जड नाणी (राणी अर्सिनोएच्या मोठ्या नाण्याचं वजन २७.८ ग्रॅमच्या आसपास भरतं), आणि काळ्या समुद्राकाठच्या पँटिकापेयनची, म्हणजे आजच्या क्रिमियातल्या केर्चची, दाढीवाल्या पॅन देवाचं मस्तक आणि ग्रिफिन (गरुडाच्या तोंडाचा, सिंहाच्या अंगाचा काल्पनिक प्राणी) असलेली नाणी. ही शेवटची फार दुर्मीळ. ती दागिन्यात दिसली तर आधी शंकाच घ्यावी.

त्या काळी एका स्टेटरची किंमत किती होती?

अलेक्झांडरच्या काळात एक स्टेटर म्हणजे २० द्राख्मा, म्हणजे ग्रीकांची चांदीची नाणी. इ.स.पू. ३२९–३२८ मधले अथेन्सजवळच्या एल्युसिसच्या देवस्थानाचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत. त्यांत कुशल कारागिराची रोजची मजुरी दोन ते अडीच द्राख्मा आहे. म्हणजे एका स्टेटरसाठी सुताराला किंवा गवंड्याला आठ-दहा दिवस राबावं लागे. भाजी आणायला न्यायचं हे नाणं नव्हतंच. सैन्याचे पगार, मोठे व्यवहार, बक्षिसं आणि साठवण यांसाठी ते होतं.

प्राचीन ग्रीक लोक स्वतः नाणी अंगावर घालत होते का?

आज वाटतं तितकं नाही. त्यांच्या सोनारांचा हात तारकामात आणि रव्याच्या कामात (सोन्याचे बारीक दाणे जोडून केलेल्या नक्षीत) इतका बसलेला होता की नाणं लटकवण्याची त्यांना गरजच वाटत नसावी. पानांचे मुकुट, बियांच्या किंवा भाल्याच्या टोकांच्या आकाराचे लोलक असलेले हार, सिंहाच्या तोंडाची कर्णभूषणं असे त्यांचे दागिने होते. १९३० मध्ये कोरिंथला उत्खननात एक ठेवा सापडला. त्यात फिलिपचे ४१ आणि अलेक्झांडरचे १० असे ५१ स्टेटर होते आणि त्यांच्यासोबत सोन्याचा एक हार. हार वेगळा, नाणी वेगळी. कुणीतरी घरातलं किडूक-मिडूक एकत्र पुरून ठेवलं, पण नाण्याला भोक पाडून हारात ओवलं नाही. मला हा ठेवा या प्रश्नाचं सगळ्यात बोलकं उत्तर वाटतो.

नाण्याचा दागिना करायची खरी लाट रोमन काळात आली, विशेषतः इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकापासून. रोमन सोनार नाण्याभोवती जाळीकामाची सोन्याची चौकट करत, कडी लावत आणि ते पदक साखळीत घालत. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या दुहेरी सॉलिडस या सोन्याच्या नाण्यांभोवती अशा चौकटी असलेली काही पदकं आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. त्यांतलं एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्याच्या मधल्या नाण्यावर इ.स. ३२१ ची छाप आहे. म्हणून कुणी 'हा प्राचीन ग्रीक नाण्याचा प्राचीनच दागिना' म्हणून विकत असेल, तर चौकट कोणत्या काळाची हे आधी विचारा. नाणं अडीच हजार वर्षांचं आणि चौकट गेल्या दिवाळीतली, असं सर्रास असतं.

मग अलेक्झांडरचं नाणं ताईत म्हणून वापरत, हे खरं का?

हो, आणि याचे लिखित पुरावे आहेत. रोमन सम्राटांच्या चरित्रांच्या एका जुन्या लॅटिन संग्रहात माक्रिआनुस नावाच्या घराण्याचं वर्णन आहे. त्या घरातले पुरुष अंगठ्यांवर आणि चांदीच्या भांड्यांवर, तर बायका केसांच्या जाळीवर, कंगनांवर आणि अंगठ्यांवर अलेक्झांडरची प्रतिमा बाळगत. सोन्याचांदीत कोरलेला अलेक्झांडर जवळ असला की हाती घेतलेलं काम तडीस जातं, अशी लोकांची समजूत होती. या ग्रंथातलं सगळंच विश्वसनीय नाही, पण या समजुतीला दुसरीकडूनही दुजोरा मिळतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस आजच्या तुर्कस्तानातल्या अँटिऑक शहरात जॉन क्रिसोस्टम या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने प्रवचनात लोकांना खडसावलं होतं, की तुम्ही मॅसिडोनियाच्या अलेक्झांडरची तांब्याची नाणी डोक्याला आणि पायाला बांधता, हे काय? अलेक्झांडर जाऊन सातशे वर्षं होऊन गेली होती आणि गरीब माणूससुद्धा त्याचं नाणं अंगाला बांधत होता. सोन्याचं परवडत नव्हतं म्हणून तांब्याचं.

नाण्यावरचा चेहरा अलेक्झांडरचाच असतो ना?

इथे सराफसुद्धा चुकतात. अलेक्झांडरच्या सोन्याच्या स्टेटरवर अथेना आहे. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस आहे, आणि बाजारात त्यालाच 'सिकंदरचा चेहरा' म्हणून खपवतात. खुद्द अलेक्झांडरचा चेहरा हवा असेल तर लिसिमाखोसचं नाणं पाहा. त्यावर अलेक्झांडर देवरूपात आहे. कपाळावर पट्टा, कानावरून वळलेलं मेंढ्याचं शिंग आणि वर लागलेले डोळे. ते शिंग अम्मोन देवाचं. इजिप्तच्या वाळवंटातल्या सिवा इथे याच देवाच्या देवळात अलेक्झांडर गेला होता. मागच्या बाजूला सिंहासनावर बसलेली अथेना हातावर नीकीला धरून आहे. लिसिमाखोस गेल्यानंतरही बिझँटियमसारख्या काळ्या समुद्राकडच्या शहरांनी हीच छाप दीड-दोन शतकं चालवली. ती उशिराची नाणी कामाने जरा ढोबळ असतात.

अथेन्सचं घुबडाचं सोन्याचं नाणं मिळेल का?

जवळजवळ नाहीच. प्रसिद्ध घुबड आहे ते १७.२ ग्रॅमच्या चांदीच्या नाण्यावर. ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावरही तेच घेतलं आहे. अथेन्सने सोन्याची नाणी पाडली ती स्पार्टाविरुद्धच्या युद्धात गळ्याशी आल्यावर, इ.स.पू. ४०७–४०६ च्या सुमारास, आणि त्यासाठी नीकीच्या मूर्तींवरचं सोनं वितळवलं. त्यांतली मोजकीच उरली आहेत. दुकानात दिसणारं सोनेरी घुबड ही प्रतिकृती असते. प्रतिकृती म्हणून विकत असतील तर त्यात गैर काही नाही.

जुन्या नाण्यांच्या दागिन्यांची आजची फॅशन कुठून आली?

एकोणिसाव्या शतकात रोममध्ये कास्तेल्लानी घराण्याने पुरातन पद्धतीच्या दागिन्यांचं वेड युरोपभर पसरवलं. एट्रुस्कन (इटलीतले रोमनांआधीचे लोक) आणि ग्रीक सोनारांचं रव्याचं काम पुन्हा जमवायला त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, आणि त्यांच्या हारांत, ब्रोचमध्ये जुनी नाणीही बसवली. पुढे बुल्गारी. या पेढीचा संस्थापक सोतिरिओस वूल्गारिस स्वतः ग्रीक, एपिरसमधल्या पॅरामिथियाचा चांदीकाम करणारा. त्याने १८८४ मध्ये रोममध्ये दुकान काढलं. त्याच्या वारसांनी १९६० च्या दशकात खरी प्राचीन नाणी जाडजूड साखळ्यांत बसवायला सुरुवात केली. त्यांची एक पद्धत मला फार आवडते: नाणं कोणाचं, कोणत्या काळाचं हे ते चौकटीवर कोरतात. दागिना चार हातांतून फिरला तरी नाण्याची ओळख पुसली जात नाही. आपल्या सोनाराकडूनही एवढं सहज करून घेता येतं.

ग्रीसमधल्या नवऱ्या पारंपरिक पोशाखात नाण्यांचे हार घालतात. ती प्राचीन नाणी असतात का?

नाही. ती असतात व्हेनिसची, ऑस्ट्रियाची, तुर्की सुलतानांची सोन्याची किंवा चांदीची नाणी. मुलीचा हुंडा छातीवर मांडलेला दिसावा, ही त्यामागची रीत. कोन्स्तान्तिनातो नावाचा एक प्रकार मात्र वेगळा आहे. बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातलं नाणं सेंट कॉन्स्टंटाइन आणि सेंट हेलेना यांचं समजून मुलाबाळांच्या रक्षणासाठी घालतात. प्रत्यक्षात नाण्यावर दुसराच कुणी सम्राट असतो, पण श्रद्धेला त्याने फरक पडलेला नाही.

आपल्या पुतळी हाराचा याच्याशी काही संबंध?

प्राचीन ग्रीसशी नाही, पण वरच्या उत्तराशी आहे आणि तो मजेशीर आहे. आपल्याकडच्या जुन्या पुतळ्या म्हणजे व्हेनिसचे डुकाट. १२८४ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसने हे साडेतीन ग्रॅमचं शुद्ध सोन्याचं नाणं जवळजवळ न बदलता पाडलं. एका बाजूला सेंट मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त. समुद्रमार्गाने व्यापारात ते आपल्याकडे आलं, सोनं चोख म्हणून लोकांनी ते जपलं आणि हारात ओवलं. पुढे सराफांनी लक्ष्मीच्या छापाच्या पुतळ्या घडवल्या. म्हणजे एकच व्हेनिशियन नाणं ग्रीसमधल्या नवरीच्या छातीवर होतं आणि पेशवाईतल्या सवाष्णीच्या गळ्यातही. घरात जुना पुतळी हार असेल तर मोडीत घालण्याआधी भिंगातून एकदा पाहा. दोन मानवी आकृती आणि मधे उभा झेंड्याचा दांडा दिसला तर ती खरी परदेशी पुतळी किंवा तिची जुनी नक्कल असू शकते.

भारतात ग्रीक सोन्याची नाणी सापडतात का?

भारतात राज्य केलेल्या ग्रीक राजांची नाणी मुख्यतः चांदीची आणि तांब्याची आहेत. सोन्याची फार थोडी. मिनँडर, म्हणजे बौद्ध ग्रंथातला मिलिंद, आणि अपोलोडोटस यांचे जुने द्राख्मा भडोच बंदरात अजून चालतात, अशी नोंद पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथून भडोचला माल जात असल्याचंही लिहिलं आहे.

हिंदुकुशापलीकडच्या बॅक्ट्रियात मात्र ग्रीक राजांनी सोनं पाडलं. तिथल्या युक्राटिडीस राजाचं २० स्टेटरचं एक नाणं १६९ ग्रॅमचं आहे, प्राचीन जगातलं माहीत असलेलं सगळ्यात मोठं सोन्याचं नाणं. ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ते कुणी गळ्यात घालेल अशी भीती नाही.

आणि महाराष्ट्रातला खरा जवळचा धागा म्हणजे सातवाहन काळातली मातीची पदकं. तेरसारख्या ठिकाणी रोमन नाण्यांवरून साचा घेऊन केलेली, कडी असलेली भाजक्या मातीची पदकं मिळाली आहेत. सोन्याचं नाणं परवडणाऱ्याने सोन्याचं घातलं, न परवडणाऱ्याने त्याच छापाचं मातीचं. अँटिऑकच्या तांब्याच्या नाण्यांची आठवण होते ना? दक्षिण भारतात तर खऱ्या रोमन सोन्याच्या नाण्यांना भोकं पाडून, कडी लावून वापरल्याची कितीतरी उदाहरणं आहेत.

नाण्याला भोक पाडलं किंवा कडी झाळली तर काय बिघडतं?

नाणं बिघडतं, कायमचं. भोक पाडताना धातू बाहेर रेटला जातो आणि आजूबाजूची छाप दबते. कडी झाळताना नाणं तापवावं लागतं. झाळ त्याच्या कडेवर पसरते. पुढे कडी काढली तरी डाग आणि घासल्याच्या खुणा राहतात, आणि जाणकार भिंगातून त्या लगेच ओळखतो. लिलावात अशा नाण्याच्या वर्णनात 'पूर्वी दागिन्यात बसवलेलं' एवढे शब्द आले की किंमत उतरते, कित्येकदा निम्म्याहून खाली.

भोक जर प्राचीन असेल तर गोष्ट वेगळी. ज्युलियस सीझरच्या हत्येनंतर ब्रूटसने पाडलेल्या खंजिरांच्या छापाच्या सोन्याच्या नाण्याचा एक भोक पाडलेला नमुना ब्रिटिश म्युझियममध्ये अनेक वर्षं पाहायला मिळायचा. ते भोक त्याच काळातलं असावं, ब्रूटसच्या बाजूच्या कुणीतरी ते अभिमानाने घातलं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज. तिथे भोक हाच इतिहास आहे. आज आपण ड्रिलने पाडलेल्या भोकाला तो मान मिळत नाही.

मग दागिन्यात बसवायचं तरी कसं?

नाण्याला उष्णता लागता कामा नये, आणि चौकट पुन्हा उघडता आली पाहिजे. सोनाराला या दोन गोष्टी पहिल्या बैठकीतच सांगा. कामाची पद्धत अशी: चौकट, कडी आणि पकडी आधी पूर्ण घडवायच्या, झाळायच्या, पॉलिश करायच्या. हे सगळं करताना नाणं तुमच्या घरी. ग्रीक नाणं गोल नसतं, त्याची कड वेडीवाकडी असते, म्हणून मापासाठी नाण्याची आउटलाइन कागदावर काढून द्या किंवा मेणात हलका ठसा घेऊ द्या. शेवटी नाणं थंडच चौकटीत ठेवायचं आणि तीन-चार पकडी हाताने वळवून बसवायचं. स्क्रूने बंद होणारी चौकट त्याहून चांगली.

नाण्यासाठी चौकट असावी, चौकटीसाठी नाणं कातरू नये. कड घासून गोल करणारे कारागीर आहेत. तसं कुणी सुचवलं तर नाणं परत घेऊन निघा. चौकट २२ किंवा १८ कॅरटची चालते. स्टेटरचं सोनं साधारण २३ कॅरटच्या वर असल्याने ते मऊ असतं. त्यामुळे पकडी आतून गुळगुळीत हव्यात, नाहीतर त्याच नाण्यावर चरे पाडतील. मागची बाजू उघडी ठेवा. नीकीला बंद डबीत कोंडण्यात काही अर्थ नाही. कड चौकटीच्या आत जरा खोल बसली तर नाणं टेबलावर किंवा बटणावर थेट घासत नाही.

अंगठीत बसवलं तर?

नको. हात दिवसभर कशाला ना कशाला लागतो. अथेनाचं नाक आणि गाल सगळ्यात आधी जातात.

रोज घातलं तर झिजेल का? मंगळसूत्रात चालेल का?

झिजेल. शुद्ध सोनं नखानेही दबेल इतकं मऊ नसलं, तरी कापडाच्या, साखळीच्या, दुसऱ्या मण्यांच्या सततच्या घासण्याने वर्षा-दोन वर्षांत उठाव मंदावतो. मंगळसूत्र अंगावरून उतरत नाही, त्यात शेजारी वाट्या आणि मणी, म्हणून तिथे खरं नाणं घालू नये. लग्नकार्याला, सणाला, एखाद्या संध्याकाळी घालायचं आणि घरी आल्यावर काढून मऊ कापडाच्या वेगळ्या पिशवीत ठेवायचं. घामाने सोन्याला काही होत नाही. पाऱ्यापासून मात्र जपा. फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा लागला तर सोनं तो शोषून घेतं आणि पांढरं पडतं.

खरं की बनावट, हे घरी ओळखता येतं का?

उघड बनावट ओळखता येतं, हुशार बनावट नाही. आधी वजन. फिलिप किंवा अलेक्झांडरचा स्टेटर ८.५ ते ८.६५ ग्रॅमच्या दरम्यान भरतो. ७.९ भरला तर काहीतरी गडबड आहे. मग घनता. बारीक काट्यावर नाणं आधी हवेत तोलायचं, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून. हवेत ८.६० ग्रॅम असेल तर पाण्यात ८.१५ च्या आसपास यायला हवं, म्हणजे घनता १९ च्या वर. चौकटीत बसवलेल्या नाण्याची ही परीक्षा होत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून बसवलेलं नाणं घेताना ते काढून दाखवायला सांगा.

पण घनतेने फक्त सोनं कळतं, वय कळत नाही. उत्तम बनावट नाणी खऱ्या सोन्याचीच असतात. जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) स्वतः पोलादी ठसे कोरून सोन्याचांदीत ग्रीक-रोमन नाणी पाडायचा, आणि ती जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसाच्या डबीत घालून ती डबी घोडागाडीखाली बांधून फिरवायचा, असं सांगतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्समध्ये ख्रिस्तोदूलोस नावाच्या माणसाने असेच शेकडो ठसे तयार केले होते. अशा वेळी कस लावणाऱ्या सराफाचा उपयोग नाही. तो सोन्याची शुद्धता सांगेल आणि ती खरीच असेल. ठशांची तुलना करणारा नाणेतज्ज्ञ लागतो. एकाच ठशातून निघालेल्या नाण्यांत बारीक तपशील हुबेहूब जुळतात, आणि ज्ञात ठशांची छायाचित्रं अभ्यासकांकडे असतात. कसोटीच्या दगडावर मात्र नाणं घासू देऊ नका.

कागदपत्रं एवढी का महत्त्वाची?

कारण जमिनीतून चोरून उकरलेल्या नाण्याबरोबर त्या जागेची सगळी माहिती नष्ट होते. कोरिंथच्या ठेव्याबद्दल आपण एवढं बोलू शकतो, ते उत्खनन करणाऱ्यांनी प्रत्येक वस्तू जागच्या जागी नोंदवली म्हणून. तोच ठेवा रात्री कुदळीने काढला असता तर ५१ सुटी नाणी ५१ गळ्यांत गेली असती, आणि हार त्यांच्याबरोबर होता हे कुणालाच कळलं नसतं. मला या विषयात सगळ्यात जास्त टोचते ती ही गोष्ट.

कागदपत्रंही खोटी असू शकतात. वर ब्रूटसच्या नाण्याचा उल्लेख आला. त्याच छापाचा दुसरा एक नमुना २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ३२ लाख ४० हजार पौंडांना गेला. त्याचा पूर्वेतिहास बनावट असल्याचं तपासात उघड झालं आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांनी ते नाणं ग्रीसला परत दिलं. इतक्या वरच्या पातळीवर हे होतं, तर 'युरोपातल्या जुन्या संग्रहातून' एवढ्या एका ओळीवर विश्वास ठेवू नये. मागायचं ते असं: पूर्वीच्या लिलावाचा कॅटलॉग, त्यातलं याच नाण्याचं छायाचित्र, तारीख असलेली पावती. सांस्कृतिक वारशाच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे. त्याआधीपासून नाणं संग्रहात होतं असा पुरावा मिळाला तर उत्तम.

ग्रीसमध्ये फिरताना कुणी खरं जुनं नाणं विकायला आणलं तर?

हात लावू नका. ग्रीसच्या २००२ च्या ३०२८ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडणाऱ्या पुरातन वस्तू सरकारच्या मालकीच्या, आणि परवान्याशिवाय त्या देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. माहीत नव्हतं ही सबब विमानतळावर चालत नाही. नाणी मनसोक्त पाहायची असतील तर अथेन्समध्ये नाण्यांचं वेगळं संग्रहालय आहे, ट्रॉय खणणाऱ्या हाइनरिख श्लीमनच्या जुन्या वाड्यात. दागिना हवा असेल तर प्रतिकृती घ्या आणि पावती जपून ठेवा.

भारतात असं नाणं बाळगण्याबद्दल कायदा काय सांगतो?

पुराणवस्तू आणि कलासंपदा कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं कोणतंही नाणं पुराणवस्तू ठरतं. पुराणवस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे नीट ध्यानात घ्यावं. दुबईहून किंवा लंडनहून येताना गळ्यात प्राचीन नाण्याचं पदक असेल, तर परत जाताना ते अडकू शकतं. खरेदीची कागदपत्रं जवळ हवीत, येताना कस्टमला लेखी कळवावं, आणि शंका असेल तर निघण्याआधीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी. त्यापेक्षा सोपं म्हणजे ते तिकडेच ठेवून येणं.

शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली, तर ती कोणत्याही देशाची असोत, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. परस्पर सोनाराकडे नेऊन वितळवणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय नुकसान असं की भरून निघत नाही.

किंमत साधारण किती?

अलेक्झांडरचा चांगल्या स्थितीतला, न बसवलेला स्टेटर लिलावात काही हजार डॉलरला जातो, म्हणजे सोन्याच्या वजनी भावाच्या बऱ्याच वर. दुर्मीळ टांकसाळीचा असेल तर आणखी. टोकाचं उदाहरण म्हणजे पँटिकापेयनचा एक स्टेटर. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला त्यावर ३२ लाख ५० हजार डॉलरची बोली लागली. वजनाच्या भावात 'खरं ग्रीक नाणं' कुणी देत असेल तर ते घेऊ नये.

दागिन्यासाठीच घ्यायचं असेल तर एक मार्ग सुचवतो. पूर्वीच कडी झाळून खराब झालेलं, पण छाप शाबूत असलेलं नाणं घ्या. ते स्वस्त मिळतं आणि चांगलं नाणं आणखी एकदा बिघडण्यापासून वाचतं.

साफ कसं करायचं?

कोमट पाणी, साध्या साबणाचा थेंब, बोटांनी हलकं चोळणं, मऊ कापडाने टिपणं. एवढंच. ब्रश, खाण्याचा सोडा, रिठा, सराफाचं पॉलिश मशीन यांपैकी काही नको. खोलगट जागी लालसर किंवा मातकट थर असेल तर राहू द्या. तो घालवला की नाणं आंघोळ घातल्यासारखं चकाकतं आणि जाणकाराच्या नजरेतून उतरतं.

आजीच्या पेटीत झाळलेल्या कडीचं जुनं ग्रीक नाणं सापडलं. कडी काढून टाकावी का?

काढू नका. बिघाड आधीच झालेला आहे आणि काढताना दुसरा होईल. शिवाय ती चौकटच शंभर-दीडशे वर्षांची, एखाद्या चांगल्या कारागिराच्या हातची असू शकते. युरोपातल्या जुन्या पेढ्यांचे छोटे शिक्के कडीवर किंवा चौकटीच्या आतल्या बाजूला असतात, ते भिंगाने शोधा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा, आणि हे नाणं घरात कुणी, कधी, कुठून आणलं याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून आत्ताच कागदावर उतरवा. जुनी पत्रं, पासपोर्ट, पावत्या टाकू नका. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा विभाग आहे. ओळख पटवायला आधी तिकडे विचारा, किंमत विचारायला सराफाकडे नंतर जा.